परगावच्या मित्रासोबत पुण्यातील देवस्थाने: एका दिवसाची आखणी

परगावाहून आलेल्या मित्राला पुण्यातील देवस्थाने दाखवायची ठरली की यादी लांबतच जाते. मी एकदा एका मित्राला दिवसभरात नऊ ठिकाणी नेले आणि रात्री जेवताना त्याला कोणती मूर्ती कोणत्या देवळात पाहिली हे सांगता येईना. तेव्हापासून मी मोजकीच स्थळे निवडतो आणि त्यांपैकी एका ठिकाणी मुद्दाम जास्त वेळ ठेवतो.

दिवस शक्यतो चतुर्थीचा किंवा मंगळवारचा नसावा, कारण त्या दिवशी गणपतीच्या देवळांतील रांगांतच सकाळ संपते. पटकन काढता येतील अशी पादत्राणे, पाण्याची बाटली आणि दोघांचीही ओळखपत्रे सोबत घ्यावीत. उन्हाने तापलेल्या फरशीवर चालावे लागते म्हणून पायमोजेही असू द्यावेत.

सकाळी सातच्या सुमारास कसबा पेठ मेट्रो स्थानकावर उतरून पायीच निघावे. पहिले दर्शन ग्रामदैवत कसबा गणपतीचे घ्यावे. हे मंदिर जिजाबाईंनी उभारल्याचे परंपरा सांगते आणि येथील शेंदूरचर्चित मूर्ती पाहिली की पुण्याच्या जुन्या वस्तीची सुरुवात कोठून झाली हे मित्राला सांगणे सोपे जाते. तेथून बुधवार पेठेत ग्रामदेवी तांबडी जोगेश्वरीला आणि पुढे दगडूशेठ हलवाई गणपतीला जावे. रांग मोठी असेल तर दगडूशेठ गणपतीचे दर्शन रस्त्यावरूनही नीट होते. बाहेरच्या माणसाचा येथे हमखास एक गैरसमज असतो, तो दूर करावा: पुण्याच्या गणेशोत्सवातील मानाच्या पाच गणपतींत दगडूशेठ येत नाही, कसबा पहिला, जोगेश्वरी दुसरा, आणि त्यांच्यामागे गुरुजी तालीम, तुळशीबाग व केसरीवाडा असा क्रम आहे.

यानंतर सोमवार पेठेतील त्रिशुंड गणपतीकडे वळावे. माझ्या मते संपूर्ण दिवसातील हेच सर्वांत मोलाचे ठिकाण आहे, आणि पुण्यात वर्षानुवर्षे राहणाऱ्या अनेकांनीही ते पाहिलेले नसते. भीमजीगिरी गोसावी यांनी 1754 साली या काळ्या दगडी मंदिराचे बांधकाम सुरू केले. लगेच आत न शिरता आधी समोर उभे राहून दर्शनी भिंत पाहावी: द्वारपाल, हत्ती, मोर यांच्या गर्दीत युरोपीय पोशाखातील शिपाई साखळदंडाने गेंड्याला बांधताना दिसतात, आणि अठराव्या शतकातील पुण्याच्या कारागिराला हे दृश्य का कोरावेसे वाटले असेल, यावर दोघांची बराच वेळ चर्चा होऊ शकते. गाभाऱ्यात तीन सोंडांचा गणपती मोरावर बसलेला आहे. भिंतीवर संस्कृतसोबत फारसी शिलालेखही आहे. तो मित्राला आवर्जून दाखवावा. तळघरात गोसाव्यांची समाधी असून ते गुरुपौर्णिमेला उघडले जाते, म्हणून इतर दिवशी त्यासाठी आग्रह धरू नये. येथे किमान पाऊण तास द्यावा.

पुढे रिक्षाने कॅम्पात जावे. मोलेदिना रस्त्यावरचे लाल विटांचे ओहेल डेव्हिड सिनेगॉग पुणेकर ‘लाल देऊळ’ या नावानेच ओळखतात. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिलेले हे प्रार्थनास्थळ 1867 मध्ये पूर्ण झाले आणि ससून यांची समाधीही त्याच आवारात आहे. आत जायचे असल्यास आधी परवानगी घ्यावी लागते, आणि शनिवार हा ज्यूंच्या शब्बाथचा दिवस असल्याने त्या दिवशी पर्यटक म्हणून जाणे टाळावे. परवानगी मिळाली नाही तरी उंच मनोरा रस्त्यावरून पाहता येतो. दुपारचे जेवण कॅम्पातच उरकावे.

भर उन्हात जंगली महाराज रस्त्यावरील पाताळेश्वर बरे पडते. राष्ट्रकूट काळातील, आठव्या शतकातील हे लेणे कातळात कोरलेले असून आत चांगला गारवा असतो. लेण्यासमोरचा गोलाकार नंदीमंडप पाहिल्यावर सावलीत स्वस्थ बसावे. शेजारच्या जंगली महाराजांच्या समाधीमंदिरात पाय लागतातच.

सूर्यास्तापूर्वी तासभर पर्वतीच्या पायथ्याशी पोहोचावे. सुमारे 103 पायऱ्या आहेत, पण त्या रुंद आहेत. मित्राला गुडघ्यांचा त्रास असेल तर मधे थांबत चढावे. नानासाहेब पेशव्यांनी 1749 साली बांधलेल्या देवदेवेश्वराचे दर्शन घ्यावे. 1761 साली त्यांचे निधनही याच टेकडीवर झाले. त्यानंतर तटावरून शहराकडे पाहत मित्रालाच विचारावे की सकाळचा कसबा कोणत्या दिशेला असेल, आणि उजेड असतानाच पायऱ्या उतराव्यात. पायांत बळ उरले असेल तर खाली सारसबागेतील तळ्यातला गणपती अगदी वाटेवरच आहे.