डिस्क नटवायच्या नादात ब्रेक घालवू नका, या चुका टाळा

गाडी छान दिसावी असं वाटण्यात काही गैर नाही. अॅलॉय व्हीलच्या मागून लाल कॅलिपर (पॅड धरून डिस्कवर आवळणारा भाग) आणि चकचकीत डिस्क दिसली की मीपण वळून बघतो. पण भांडुपला माझ्या गॅरेजवर त्याच त्याच चुका घेऊन गाड्या येतात, दर वेळी तेच समजावून आता थकलोय, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

आधी डिस्क काय काम करते ते बघा. चाकाबरोबर फिरणारी ही थाळी, ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी पॅड तिला धरतात आणि घासून गाडी थांबवतात. 1200 किलोची गाडी ताशी 100 वरून पूर्ण थांबवली की साधारण 460 किलोज्यूल उष्णता तयार होते, म्हणजे दीड लिटर पाणी उकळीला येईल एवढी, आणि ती काही सेकंदांत. यातली बरीचशी पुढच्या दोन डिस्कना प्यावी लागते. कारची डिस्क जाड, वजनदार कास्ट आयर्नची असते ती त्यासाठीच. तिथून धातू काढला की उष्णता साठवायची जागा कमी झाली.

आता सगळ्यात वाईट चूक. साध्या डिस्कला बाहेरून भोकं पाडून आणणं.

आमच्याच सोसायटीतल्या एका मुलाने बाबांच्या हॅचबॅकच्या पुढच्या दोन्ही डिस्क एका वर्कशॉपमधून ड्रिल करून आणल्या. नवीन ड्रिल्ड डिस्कचे पैसे वाचले म्हणून खुश होता. दोन महिने मुंबईत काहीच झालं नाही, होणार कसं, एलबीएस रोडवर 40 च्या वर काटा जातो कधी? मग पावसाळ्यात चौघं लोणावळ्याला गेले आणि येताना जुन्या हायवेने खंडाळ्यावरून खोपोलीला उतरले. जवळजवळ 500 मीटरचा उतार आहे तो, आणि हा मुलगा टॉपच्या गिअरमध्ये, सगळा भार ब्रेकवर टाकून. अर्ध्या घाटात स्टिअरिंग थरथरायला लागलं, खोपोलीत चहाला थांबले तर पुढच्या चाकातून जळका वास. तरी तसेच घरी आले. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला, "काका, जरा अलाइनमेंट बघता का?"

मी चाक काढलं, डावी डिस्क पुसून टॉर्च मारला. एका भोकातून निघालेली चीर दुसऱ्या भोकाला जाऊन तिथून थेट बाहेरच्या कडेपर्यंत गेली होती. त्याचं बोट धरून तिच्यावरून फिरवलं तर नख अडकत होतं. पोरगा पांढराफटक पडला. अजून एक घाट असता तर त्या डिस्कचं काय झालं असतं याचा विचार मला आजही नको वाटतो, चार घरची मुलं होती गाडीत.

हे होतं का? व्हेंटिलेटेड, म्हणजे आतून हवा खेळणाऱ्या डिस्कच्या आत दोन थाळ्यांच्या मध्ये पट्ट्या असतात, बाहेरून अंदाजाने ड्रिल मारलं की भोक कुठेतरी त्या पट्टीवरच जातं. त्यात भोकाची कड धारदार ठेवली, चॅम्फर करून तिरकी घासली नाही, की तापणं आणि गार होणं या खेचाखेचीत चीर तिथूनच सुरू होते. जुन्या काळी पॅड तापले की त्यातून गॅस सुटायचा, तो निघून जायला भोकं असायची. आताच्या पॅडना रोजच्या गाडीत त्याची गरज फारशी उरलेली नाही. भोकं हवीच असतील तर तुमच्याच मॉडेलसाठी चांगल्या कंपनीने बनवलेली डिस्क घ्या, आणि दर सर्व्हिसला चाक काढून नख फिरवून बघा. पृष्ठभागावर केसासारख्या बारीक रेषा वेगळ्या, पण चीर भोकाला भोक जोडत असेल किंवा कडेपर्यंत गेली असेल तर डिस्क त्याच दिवशी बदला. माझ्या स्वतःच्या गाडीला साधी व्हेंटिलेटेडच आहे आणि तीच राहणार.

दुसरी चूक पावसाळ्यातली. आपल्याकडे खारी हवा, त्यात पाऊस, गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी डिस्कवर नारिंगी थर दिसतो. लोक घाबरून त्यावर गंज घालवायचा स्प्रे मारतात, कोणी टायर पॉलिश करताना डिस्कवरही उडवतो कारण चमक येते. अहो, त्या डिस्कला पॅडने घट्ट धरायचंय, तिला तेल कसं लावता! माझ्या एका गिऱ्हाईकाने रविवारी अशीच चाकं चमकवली आणि बिल्डिंगच्या पार्किंगच्या उतारावरच गाडी खांबाला लागली. नशीब तिथे कोणी उभं नव्हतं. तो गंज वरवरचा असतो, गेटबाहेर हळू जात चार-पाच वेळा ब्रेक दाबला की निघतो. चुकून तेल लागलंच तर ब्रेक क्लीनर आणि स्वच्छ फडकं. पॅडने तेल प्यायलं असेल तर नवीन टाका, पॉलिश पेपर घासून ते परत येत नाही, मी करून बघितलंय.

डिस्क रंगवायची असेल तर मधली टोपी आणि बाहेरची कड एवढीच, हाय टेम्परेचर रंगाने. पॅड घासतो त्या पट्ट्यावर आणि हबला (चाक बसतं तो मधला गोल भाग) टेकते त्या बाजूला रंगाचा थेंबही नको. कॅलिपर रंगवताना रबर बूट, स्लाइड पिन (कॅलिपर सरकतो ती पिन), ब्लीड निपल (ऑइलमधली हवा काढायचा स्क्रू) नीट टेप लावून झाकायचं. पावडर कोटिंगला देणार असाल तर कॅलिपर पूर्ण खोलून द्या, भट्टी 200 डिग्रीच्या आसपास असते, आतले सील संपतात.

वरून चिकटवायची डमी कॅलिपर कव्हर लावू नका. हवा अडते, आणि सुटलं तर चाकात अडकतं.

आतल्या पट्ट्या वाकड्या असलेल्या डिस्कला डावी-उजवी असते. वरच्या बाजूला पट्ट्या आतून बाहेर जाताना गाडीच्या मागे झुकल्या पाहिजेत. डिस्कच्या पृष्ठभागावर कोरलेल्या खाचा, म्हणजे स्लॉट, बघून दिशा ठरवू नका.

बाइकवाल्यांनो, लेझर कट करून आणलेली स्वस्त पेटल डिस्क (पाकळ्यांसारख्या कडेची) लावण्याआधी जाडी मोजा, आणि एबीएस (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर चाकाचा वेग मोजणारा सेन्सर आणि रिंग यांच्यामधलं अंतर बघा. अंदाजाने वॉशर घालून ते जुळवू नका.

घासून घासून चकचकीत करायला डिस्क लेथवर देण्याआधी तिच्यावर कोरलेला मिनिमम थिकनेसचा आकडा वाचा. त्याच्या खाली गेली की ती भंगार.

ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं. डॉट 4 या प्रकारचं ऑइल नवीन असताना 230 डिग्रीला उकळतं, ओल प्यायल्यावर 155 पर्यंतही येतं, आणि मग घाटात ऑइल उकळून ब्रेकचं पेडल सरळ खाली जातं. मुंबईत मी दोन वर्षांच्या वर ठेवत नाही. लोक डिस्कवर हजारो घालतात आणि एका बाटलीसाठी घासाघीस करतात, याचा मला खरंच राग येतो.

बसवताना हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढा आणि चाकाचे नट हाताने, क्रॉसमध्ये (एकानंतर समोरासमोरचा), टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) आवळा. गनने टरटर आवळून गेलेल्या किती गाड्या पुढे ब्रेक थरथरतो म्हणून परत आल्यात.

आणि नवीन डिस्क-पॅड टाकले की लगेच मित्रांना ब्रेक दाखवायला निघू नका, आधी पॅड आणि डिस्क एकमेकांवर नीट बसू द्या. मी भल्या पहाटे रस्ता रिकामा असताना ईस्टर्न एक्सप्रेस हायवेला जातो, मागे कोणी नाही बघून 60 वरून 10-15 पर्यंत मध्यम दाबाने ब्रेक, असं आठ-दहा वेळा, मध्ये थोडं अंतर सोडून. पूर्ण थांबायचं नाही. शेवटी तीन-चार किलोमीटर जमेल तेवढा ब्रेक न लावता हळू चालवतो, डिस्क गार होऊ देतो, आणि मगच गाडी उभी करतो.