कोशेर पाहुण्यासाठी मासा कसा पारखावा

मुलाचा मित्र बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला ज्यू, मूळचा अलिबागकडचा, हल्ली कॅनडात असतो. तो कोशेर, म्हणजे ज्यू धर्माच्या नियमांत बसणारंच खातो. कोल्हापूरला मुक्कामाला येणार म्हटल्यावर मी आधीच फोनवर विचारलं, "बाळा, मासा कुठला चालतो तुला?" "मावशी, तिकडं आम्ही हॅलिबट खातो. तुम्ही खवल्याचा कुठलाही आणा."

हॅलिबट हा थंड समुद्रातला मोठा चपटा मासा. पिल्लू असताना डोळे दोन बाजूंना असतात, वाढताना एक सरकून दुसऱ्याशेजारी येतो. अंग गुळगुळीत वाटतं, पण बारीक खवले कातडीत रुतलेले असतात, म्हणून तो चालतो. त्याचाच भाऊबंद टर्बट, अंगावर नुसत्या हाडाच्या गाठी, त्याला कोशेर धरत नाहीत. तोरा ह्या ज्यूंच्या धर्मग्रंथातल्या लेवीय पुस्तकाच्या 11व्या अध्यायात नियम आहे: पर आणि खवले दोन्ही हवेत.

आपल्याकडं चपट्यात भाकस मिळतो. मासेवालीला आधीच सांगा, "ताई, साफ करू नका, अख्खा द्या." हे विसरलात तर पुढचं सगळं फुकट. घरी शेपटीजवळ नखानं किंवा सुरीच्या बोथट बाजूनं एक खवला शेपटीकडून डोक्याकडं उचला. तो सुटून आला आणि खालची कातडी शाबूत राहिली, तर मासा चालतो. कातडी फाटली तर नाही. कापलेले तुकडे घ्यायचेच असतील तर कातडीसकट घ्या. सोललेल्या तुकड्यावर काय ओळखणार?

सुरमई, पापलेट, रावस, आपला नदीतला रोहू बिनघोर आणा. मुशी, वाम, शिंगाळा, कोळंबी, खेकडे नकोत. मासेवालीचा कोयता त्यांनाही लागलेला असतो, म्हणून मासा घरीच स्वच्छ सुरीनं कापा.

माशाला मटणासारखी कोशेर कत्तल लागत नाही, मीठ लावून रक्त काढावं लागत नाही. पण मासा आणि मांस एका भांड्यात शिजवत नाहीत. आपल्या पांढऱ्या रश्श्यात मटणाचं पाणी असतं, तेव्हा माशाला तो नको, नुसत्या नारळाच्या दुधात करा. मी नवीन पातेलंच आणलं. भांड्यांचं मात्र पाहुण्यालाच विचारा, घराघरांत फरक असतो. ह्या पोरानं त्यांच्या रीतीप्रमाणे चूल पेटवून पातेलं स्वतः आचेवर ठेवलं, मग मी कांदा-लसूण चटणी घातली. दोन वाट्या रस्सा प्याला.