ठाणे-बेलापूर पट्टीत जुनी खार कशी ओळखायची

गावातलं जुनं काही दाखवा म्हटलं की लोक पाहुण्याला देवळात नेतात, नाहीतर बेलापूरच्या किल्ल्याकडे. मी बांधावर नेतो. खाडीचं पाणी अडवून भात पिकवण्यासाठी आमच्या आगरी वाडवडिलांनी घातलेला मातीचा बांध, इंग्रजी अमदानीतल्या शेतीची यापेक्षा मोठी खूण या पट्टीत मला तरी माहीत नाही. बांधाआडच्या त्या भातजमिनीलाच खार म्हणतात. १९७० नंतर जमिनी शहराला गेल्या, घरांचे टॉवर झाले. बांधाची रेघ अजून सापडते, पण घरं शोधणाऱ्याला ती दिसत नाही.

सुरुवात कागदापासून. ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन करून ठेवलेत. त्यात ‘खार’ आणि ‘वरकस’ हे शब्द शोधा. वरकस म्हणजे डोंगराच्या अंगाची, गवत-नाचणीची जमीन. खार खाडीकडची. या दोघींच्या मधे जो थोडा चढ लागतो, जिथे गल्ल्या अरुंद होतात आणि रिक्षावाला आत यायला कुरकुरतो, तेच जुनं गावठाण. उधाणाचं पाणी तिथवर पोचत नसे, म्हणून वस्ती तिथे.

मग वेळ ठरवा. आजा भरती तिथीवरून काढायचा: तिथीची पाऊणपट केली की तास येतो. चतुर्थीला तीनला भरती, म्हणजे सहा तासांनी, सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी. त्या वेळी जा. अष्टमीला जाऊ नका, तेव्हा भांग असतो. पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही, त्यामुळे काहीच कळत नाही.

तिवरांच्या आत शिरायचं नाही. चिखल मांडीपर्यंत घेतो, शिवाय ठाणे खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. रस्त्यावरून, पुलावरून नजर टाका. तिवर सगळीकडे सारखं, बुटकं, करडं हिरवं दिसतं. त्यात मधेच भेंडीची किंवा करंजाची झाडं एका ओळीत उभी दिसली की थांबा. ही झाडं खाऱ्या चिखलात पाय टाकत नाहीत. त्यांच्याखाली उंच माती आहे. तोच बांध. ओळ सरळ जाता जाता विनाकारण बाहेर वळसा घेत असेल, तर तिथे कधीतरी खांड गेली होती. उधाणाने बांध फोडला की त्या जागी खोल डोह पडायचा, तो बुजवण्यापेक्षा वळसा घालून नवा बांध घालणं स्वस्त पडे. अशा वेळी पोरंबाळं, बाया, म्हातारे सगळे घमेली घेऊन धावत. आजा म्हणायचा, “बांध नय र‍्हायला त गाव नय र‍्हायला.” पुढे १९४८ च्या खार जमीन कायद्याने डागडुजीत सरकार आलं.

बांधावर सगळ्यात महत्त्वाची जागा उघाडीची. दोन दगडी भिंती, वर आडवा दगड, आणि खाडीच्या बाजूला वरून टांगलेली लाकडी फळी. भरती चढली की पाणी फळीला दाबून दार लावतं. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तीच फळी ढकलून बाहेर पडतं. माणूस नको, किल्ली नको. लाकूड केव्हाच कुजलं, भिंती मिळतात. समजून घ्यायचं असेल तर शहराच्या एखाद्या होल्डिंग पॉन्डवर, म्हणजे पावसाचं पाणी साठवायच्या तलावावर, ओहोटीला उभे राहा. तिथली लोखंडी झापडं हेच काम करतात. लोक त्याला डच तंत्रज्ञान म्हणतात. म्हणोत.

मिठागराशी गल्लत होते. मिठागराचे वाफे लहान, चौकोनी, ओळीने मांडल्यासारखे. भाताच्या खारीचे तुकडे वेडेवाकडे, जुन्या खाडीच्या फाट्यांप्रमाणे वळलेले. या जमिनीत बी मोड आणून फेकायचे, त्याला रहू म्हणतात. भात तांबडं, राता जातीचं. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने त्यातूनच ‘काळा राता’, ‘भुरा राता’ निवडले.

गावठाणात शिरलात की पायाकडे बघा. काळ्या दगडाचं जोतं, ओटीत पुरलेलं उखळ, कोपऱ्यात फुटकं जातं. वयस्कर माणसाला ‘इतिहास सांगा’ म्हणू नका, गप्प होतात. “तुमची उघाडी कुठं होती? किती खंडी भात यायचं?” असं विचारा, मग चहा येतो आणि दुपार जाते.

फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा, उत्तर दिशा लिहा. काही उचलू नका, उकरू नका.

कौलांवरच्या सालावर विश्वास ठेवू नका. एका पडक्या घरात १८६५ कोरलेलं मंगलोरी कौल पाहून मी भाच्याला ठासून सांगितलं, घर दीडशे वर्षांचं. मालकीण काकी दारातच होत्या. “माज्या लग्नाच्या वर्साला घातलेली कवलां ती,” म्हणाल्या. १८६५ हे बासल मिशनचा मंगळूरचा कौलकारखाना सुरू झाल्याचं साल. तो शिक्का पुढे कितीतरी वर्षं उठत राहिला. भाचा अजून मला ‘दीडशे मामा’ म्हणतो.