माइनक्राफ्टमधला लेव्हल-स्टॅट्सवाला मॉड अपडेट कसा करायचा

मे महिन्यात पुण्यात सोसायटी-सोसायटीत पोरं लॅपटॉपवर माइनक्राफ्टचा सर्व्हर लावतात, त्यात लेव्हलझेडसारखा मॉड (म्हणजे गेममध्ये बाहेरून टाकलेली भर, ही लेव्हल आणि स्किलचे पॉइंट देते) असतो, आणि नवीन व्हर्जन आलं की कोणीतरी घाईत अपडेट मारतं न् सगळ्यांच्या लेव्हल शून्यावर येतात. हे टाळता येतं, म्हणून नीट सांगतो.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या, तुमची लेव्हल मॉडच्या जार फाइलमध्ये (मॉड्स फोल्डरमध्ये टाकतो ती फाइल) नसते, ती वर्ल्डच्या फोल्डरमध्ये प्लेअरच्या डेटाबरोबर सेव्ह होते. त्यामुळे जुनी जार काढली, नवीन टाकायची राहिली आणि "बघू तरी चालतंय का" म्हणून वर्ल्ड उघडलं, की गेम तो डेटा ओळखत नाही आणि पुढच्या सेव्हला त्याच्यावरच लिहितो. मॉड नसताना वर्ल्ड एकदाही उघडू नका!

तर पहिलं काम बॅकअप. गेम आणि सर्व्हर दोन्ही पूर्ण बंद करा, मग सेव्हज फोल्डरमधलं (वेगळा सर्व्हर असेल तर सर्व्हरच्या फोल्डरमधलं) आख्खं वर्ल्ड आणि सोबत मॉड्स आणि कॉन्फिग (सेटिंगच्या फाइली) हे फोल्डर दुसरीकडे कॉपी करा. वळवाचा पाऊस येईल असं वाटत असेल तर थांबा, कारण कॉपी चालू असताना लाइट जाऊन मशीन बंद पडलं तर तो बॅकअप अर्धवट राहतो.

मग मॉडरिंथ किंवा कर्सफोर्ज या मॉड डाउनलोड करायच्या साइटवर जाऊन दोन गोष्टी जुळतायत का बघा, गेमचं व्हर्जन आणि लोडर (गेममध्ये मॉड चालवणारा प्रोग्राम), म्हणजे फॅब्रिक, फोर्ज की निओफोर्ज. लेव्हलझेडला लिबझेड आणि फॅब्रिक एपीआय हे मदतनीस मॉड पण लागतात, ते पण गेमच्या त्याच व्हर्जनसाठीचे घ्या. जुनी जार काढा, नवीन टाका, दोन्ही एकत्र ठेवू नका. सर्व्हर आणि खेळणाऱ्या प्रत्येकाच्या मशीनवर एकच व्हर्जन हवं.

१.२०.१ वरून १.२१ ला जात असाल तर जास्त जपून. १.२१ मध्ये माइनक्राफ्टनेच ॲट्रिब्यूट मॉडिफायर (हेल्थसारख्या आकड्यात केलेली वाढ-घट) ओळखायची पद्धत बदलली, आधी यूयूआयडी (लांबलचक कोड) असायचा, आता नावासारखा आयडी असतो, म्हणून हेल्थ-स्ट्रेंग्थ वाढवणाऱ्या मॉडना इथे हमखास त्रास होतो. जावा पण १७ ऐवजी २१ लागतं, लाँचर स्वतः घेतो पण सर्व्हरवर तुम्हालाच टाकावं लागतं. आणि एकदा नव्या व्हर्जनमध्ये उघडलेलं वर्ल्ड जुन्यात परत नेता येत नाही, तेव्हा आधी वर्ल्डची एक वेगळी कॉपी करून ती उघडून बघा, खरं वर्ल्ड नंतर.

कॉपीत शिरल्यावर आधी हार्ट मोजा. साध्या गेममध्ये १० असतात, म्हणजे २० हेल्थ, तुम्ही पॉइंट टाकून वाढवलेले असतील तर तेवढेच दिसले पाहिजेत. मग स्किलची स्क्रीन उघडून प्रत्येक आकडा जुन्याशी ताडून बघा, त्यासाठी अपडेटच्या आधीच स्क्रीनशॉट काढून ठेवा.

आकडे विचित्र दिसले तर कॉन्फिगमधली त्या मॉडची फाइल बाजूला काढा, गेम नवीन बनवतो, त्यात तुमच्या जुन्या सेटिंग हाताने भरा. क्रॅश झाला तर लॉग्ज फोल्डरमधली लेटेस्ट नावाची फाइल उघडा, कुठला मॉड अडकलाय त्याचं नाव बहुतेक वेळा तिथेच सापडतं.