उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीचं कव्हर कसं निवडावं

कव्हर मागितलं की दुकानदार आधी सांगतो, 'शंभर टक्के वॉटरप्रूफ आहे'. बहुतेक जण तेवढ्यावर घेऊन टाकतात आणि चूक तिथेच होते. नुसत्या पावसाने गाडीच्या रंगाचं फारसं काही बिघडत नाही. रंग बिघडतो तो अडकून राहिलेल्या ओलीने, उन्हाने, पक्ष्यांच्या विष्ठेने, झाडाच्या चिकाने आणि घासण्याने. म्हणून आधी आपली गाडी जिथे उभी असते ती जागा नीट पाहा आणि त्या जागेला साजेसं कापड निवडा.

नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तिथे ऊन परतवणारं, बाहेरून चंदेरी किंवा फिकट रंगाचं कव्हर हवं. हवा कोरडी असल्यामुळे आतून पाणी अडवणारा लेप दिलेलं पॉलिस्टर तिथे चालून जातं. मुंबई, कोकण, गोव्यात मात्र असं कापड त्रासदायक ठरतं. जमिनीतून आणि ओल्या गाडीतून निघालेली वाफ कव्हरखाली कोंडते, रात्री गार पत्र्यावर तिचे थेंब होतात आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडलं की तीच ओल तापते. असं रोज होत राहिलं की वरच्या क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, पांढुरके डाग पडतात, जुन्या ओरखड्यांतून गंज धरतो आणि कव्हरला आतून बुरशी येते. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत गंज आणखी लवकर धरतो. अशा ठिकाणी तीन-चार थरांचं, न विणलेल्या पॉलिप्रोपिलीनचं, हवा खेळती ठेवणारं कव्हर घ्यावं. मुसळधार पावसात ते थोडं पाझरेल, पण वाफ बाहेर सोडेल, आणि आपल्याला तेच हवं आहे.

गाडी झाडाखाली उभी राहत असेल तर कव्हर घ्यायलाच हवं. मोहराच्या दिवसांत आंब्यावरचे तुडतुडे गोड, चिकट थेंब टाकतात आणि त्यावर काळी बुरशी वाढते. वड-पिंपळावर पक्ष्यांचा राबता असतो. विष्ठेतली आम्लं तापलेल्या रंगात उतरली की डाग पॉलिशनेही पूर्ण जात नाही. इथे कापड जाड हवं आणि आतून मऊ सुती किंवा लोकरीसारखं अस्तर हवं.

लेबलवरचे आकडेही समजून घ्या. टॅफेटा या गुळगुळीत विणीच्या कापडावरचं '१९० टी' म्हणजे एका चौरस इंचात उभे-आडवे मिळून १९० धागे. 'डी' म्हणजे डेनियर, ९००० मीटर सुताचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा तितकं सूत जाड. पण कापड किती टिकेल हे लेपावर ठरतं आणि तो लेबलवर कळत नाही. त्यासाठी दुकानातच चार गोष्टी करून पाहा. लेप दिलेल्या बाजूवर काळा रुमाल जोरात घासा. भुकटी लागली तर तो लेप एका उन्हाळ्यात सुटेल आणि तुमच्या रंगावर चिकटेल. कापड तोंडाला लावून फुंका. हवा अजिबात पलीकडे जात नसेल तर दमट भागासाठी ते सोडून द्या. उजेडासमोर धरून शिवणीजवळची भोकं पाहा. आतली बाजू गालावर फिरवा. खरखरीत लागली तर ती रंगालाही ओरखडेच पाडेल.

मापात सगळ्यात जास्त फसगत होते ती 'हॅचबॅक', 'सेडान', 'एसयूव्ही' एवढंच सांगून घेतलेल्या कव्हरात. नुसती लांबी पाहूनही चालत नाही. डिझायर ही सेडान आणि नेक्सॉन ही एसयूव्ही दोन्ही ३९९५ मिलिमीटर लांब आहेत, पण नेक्सॉन जवळपास १० सेंटिमीटर उंच आणि रुंदही जास्त आहे. एकीचं कव्हर दुसरीवर नीट बसणार नाही. मॉडेल आणि वर्ष दोन्ही सांगा, कारण नव्या पिढीत मापं बदलतात. आरशांचे खिसे असलेलं कव्हर घ्या, नाहीतर कापड आरशांवर ताणून तिथेच फाटतं. अँटेना शार्क फिनची (माशाच्या परासारखी) आहे की काडीची, रूफ रेल किंवा मागे स्पॉयलर आहे का, हेही सांगा. कड बंपरच्या खाली येऊन चाकाच्या निम्म्यापर्यंत पोचली पाहिजे. फार सैल कव्हर घट्टपेक्षा वाईट: वाऱ्यात फडफडतं आणि कोपऱ्यांवरचा रंग घासत राहतं. म्हणून पुढे-मागे चांगलं इलास्टिक आणि मध्यावर गाडीच्या पोटाखालून जाणारा बकलचा पट्टा हवाच. पट्टा नसेल तर शिवून घ्या. कुलपासाठी धातूची रिंग असेल तर रस्त्यावर उभ्या गाडीला तीही उपयोगाची.

धुळकट गाडीवर कव्हर टाकू नका. कापडाखालची धूळ पॉलिश पेपरसारखी काम करते आणि उन्हात दिसणारे गोल बारीक ओरखडे त्यातूनच येतात. आधी मायक्रोफायबरने पुसा किंवा पाणी मारून पूर्ण सुकू द्या. प्रवासाहून आल्यावर अर्धा-पाऊण तास थांबा. तापलेल्या सायलेन्सरला लागलं तर पॉलिस्टर वितळतं. पुढची बाजू आतून मार्करने खूण करून ठेवा. काढताना दोन्ही बाजू टपावर घ्या आणि मागून पुढे गुंडाळा, म्हणजे बाहेरची मळकी बाजू रंगाला लागत नाही. जमिनीवर ओढत नेऊ नका. चिकटलेला खडा पुढच्या वेळी बोनेटवर रेघ मारतो.

पावसाळ्यात कव्हर भिजलं की उघडीप मिळताच काढून सावलीत वाळवा. ओलं कव्हर डिकीत कोंबू नका. सतत पाऊस असेल आणि वर झाड नसेल तर ते दिवस गाडी उघडीच ठेवलेली बरी. कव्हर धुवायचं तर गार पाणी आणि सौम्य शाम्पू पुरे. वॉशिंग मशीन आणि कपड्यांची पावडर लेप उखडतात.

गाडी आठवडा-आठवडा झाकलेली राहत असेल तर मधून मधून बोनेट उघडून पाहा. आडोसा आणि अंधार मिळाला की उंदीर येतात आणि वायरिंग कुरतडतात. याउलट गाडी रोज दोन-तीनदा बाहेर काढत असाल आणि समोर धुळीचा रस्ता असेल, तर पूर्ण कव्हरापेक्षा काचेला आतून लावायचा सनशेड आणि नियमित वॅक्स यानेच रंग जास्त चांगला राहील.