संध्याकाळी दवबिंदू काढा, सकाळी घड ओले होणार का ते कळेल

द्राक्षबागेत गोडी छाटणीनंतर (घडांसाठी केली जाणारी छाटणी) सगळ्यांचं लक्ष आर्द्रतेच्या टक्क्यांवर असतं. पण नुसते टक्के फसवतात. ते हवेत बाष्प किती आहे हे सांगत नाहीत; त्या तापमानाला जास्तीत जास्त जेवढं मावेल त्याच्या किती टक्के आहे, एवढंच सांगतात. समजा, निफाडला जानेवारीत पहाटे 8 अंश आणि 95 टक्के, तर दुपारी 29 अंश आणि 30 टक्के अशी नोंद आहे. पहाटेच्या हवेत बाष्पाचा दाब साधारण 10.2 हेक्टोपास्कल (दाबाचं एकक) निघतो, दुपारच्या हवेत 12. म्हणजे ज्या दुपारी ओठ फुटतात, त्याच हवेत बाष्प जास्त!

दवबिंदूत हा घोळ नाही. बाष्प तेवढंच ठेवून हवा थंड होत गेली, तर ज्या तापमानाला ती संपृक्त होईल (आणखी बाष्प मावणार नाही) ते तापमान म्हणजे दवबिंदू. ऊन-सावलीने तो फारसा हलत नाही. बाष्प वाढलं तरच चढतो.

सर्वांत स्वस्त साधन म्हणजे स्टीलचा पेला. तो पातळ आणि चकचकीत असावा, बाहेरून तेलकट नको. सावलीत बसा. पेला अर्धा भरेल एवढं साधं पाणी घ्या, त्यात थर्मामीटर सोडा आणि बर्फाचा बारीक चुरा चिमटीने टाकत ढवळत राहा. नजर पाण्याच्या पातळीखाली, पेल्याच्या बाहेरच्या बाजूवर. चकाकी धूसर झाली, बोट फिरवल्यावर रेघ उमटली, की तापमान लिहून घ्या. मग बर्फ थांबवा, ढवळणं चालू ठेवा आणि धूसरपणा कधी जातो ते तापमानही लिहा. दोन्हींची सरासरी म्हणजे दवबिंदू. चुकतं ते दोन ठिकाणी: बर्फाचा खडा एकदम टाकला की पाणी भराभर उतरतं आणि आकडा खाली येतो, तोंड जवळ नेलं की श्वासाच्या वाफेनेच पेला धूसर होतो आणि आकडा वर जातो. हवा फार कोरडी असेल आणि पेला काही केल्या धूसर होत नसेल, तर बर्फात मीठ टाका.

रोज नोंद ठेवायची तर कोरडा आणि ओला असे दोन थर्मामीटर लावा. आधी दोन्ही कोरडेच शेजारी ठेवून ते सारखं तापमान दाखवतात ना, ते बघा. एकाच्या फुग्यावर मलमलीचा एकच पदर बांधा. नवी मलमल धुण्याच्या सोड्यात उकळून घ्या, नाहीतर खळीमुळे ती पाणी ओढत नाही. मलमल ओली ठेवायला डिस्टिल्ड वॉटरच वापरा. बोअरच्या पाण्याचा क्षार मलमलीवर बसला की ओला थर्मामीटर वर दाखवतो, आणि बाग आहे त्यापेक्षा दमट भासते. बहुतेक ठिकाणी हीच चूक असते.

पुढचं गणित कागदावर होतं. संपृक्त बाष्पदाब हेक्टोपास्कलमध्ये असे: 8 अंशांना 10.7, 10 ला 12.3, 12 ला 14.0, 14 ला 16.0, 16 ला 18.2, 18 ला 20.6, 20 ला 23.4, 22 ला 26.4, 24 ला 29.8. ओल्या थर्मामीटरच्या तापमानाचा दाब घ्या. कोरडा आणि ओला यांतल्या फरकाला नाशिक-पुण्याच्या उंचीवर 0.75 ने, कोकण-गोव्यात 0.8 ने गुणा आणि वजा करा. उरलेला दाब ज्या तापमानासमोर येतो, तो दवबिंदू. कोरडा 24, ओला 18 असेल तर 20.6 मधून 4.5 गेले, 16.1 उरले, दवबिंदू जेमतेम 14. हे आकडे नुसत्या टांगलेल्या थर्मामीटरसाठी आहेत. गरागरा फिरवायच्या जोडीला 0.75 ऐवजी 0.63 धरा.

डिजिटल मीटरवाल्यांसाठी सोपा आडाखा आहे: 100 मधून आर्द्रता वजा करा, 5 ने भागा, येईल ते तापमानातून वजा करा. 26 अंश, 70 टक्क्यांना 20 येतं, ते बरोबर आहे. 50 टक्क्यांखाली मात्र हा आडाखा सोडा; 30 अंश, 40 टक्क्यांना तो 18 सांगतो, खरा दवबिंदू 15 असतो. मीटरही तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, घट्ट लगदा होईल एवढेच थेंब पाणी घाला (मीठ विरघळायला नको) आणि मीटरसोबत हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी 75 टक्के दिसायला हवेत. जेवढा फरक, तेवढी दुरुस्ती कायम धरा.

आता वापर. सूर्य मावळताना, बागेतच, घडांच्या उंचीवर दवबिंदू काढा. घराच्या ओट्यावरचा आकडा बागेचा नसतो. मग तो पहाटेच्या किमान तापमानाच्या अंदाजाशी ताडून पाहा. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर पान हवेपेक्षा 2-3 अंशांनी जास्त थंड होतं. म्हणून दवबिंदू 14 असताना किमान 16 सांगितलं असलं, तरी हलकं दव पडू शकतं. किमान 12 असेल तर दव धराच, आणि ते उन्हं वर येईपर्यंत राहील. ढग किंवा वारा असेल तर हा हिशोब ढिला पडतो. वारा फिरला किंवा रात्री आभाळ भरून आलं तर नऊच्या सुमारास पुन्हा मोजा.

केवडा आणि भुरी हे द्राक्षावरचे बुरशीचे रोग. केवड्याला पानावर पाणी लागतं, त्यामुळे त्याच्यासाठी दवाचे तास मोजायचे. भुरीला पानावर पाणी लागत नाही. दव पडलं नाही म्हणून भुरीकडे काणाडोळा करू नका. ओल्या पानांवर फवारणी नको, द्रावण पातळ होऊन ओघळतं. ट्रॅक्टरचा ब्लोअर पाण्याशिवाय फिरवून दव झटकता येतं, पण सूर्य उगवल्यावर. त्याआधी झटकलं तर पान थंडच असल्याने पुन्हा दव धरतं.

दवबिंदू शून्याखाली असेल तेव्हा वेगळी काळजी हवी. दव पडताना उष्णता बाहेर पडते आणि तापमानाची घसरण मंदावते. कोरड्या हवेत तो आधार मिळत नाही आणि पारा झपाट्याने खाली जातो.

प्रीकूलिंगमधून (तोडलेली द्राक्षं थंड करायच्या खोलीतून) काढलेल्या पेट्यांनाही हाच नियम. मण्यांचं तापमान 2 अंश आणि बाहेरचा दवबिंदू 15 असेल तर मणी ओले होणारच, बाहेर आर्द्रता 40 टक्के असली तरी. पेट्या थेट थंड केलेल्या गाडीत भरा, आणि खोली व गाडी यांच्या दारांमधली फट ताडपत्रीने झाका.