हरणाच्या हंगामाआधी ट्रेल कॅमेरा लावताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीने हरणाची शिकार करायचा मुख्य हंगाम ९ दिवसांचा असतो. थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरचा चौथा गुरुवार) आधीच्या शनिवारी तो उघडतो आणि नंतरच्या रविवारी संपतो. धनुष्यबाणाचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यापासून चालू असतो, पण नोकरी आणि घर सांभाळून जंगलात जाणाऱ्या आमच्यासारख्यांचा जीव त्या ९ दिवसांतच अडकलेला असतो. म्हणून जुलै उजाडला की झाडाझाडांना ट्रेल कॅमेरे, म्हणजे समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, बांधले जातात आणि ऑक्टोबर संपता संपता त्याच त्या तक्रारी ऐकू येतात. फोटो भरपूर आले पण हरीण दिसत नाही. नुसत्या गवताचे हजार फोटो निघाले. थंडी पडताच कॅमेरा बंद पडला.

इथे राहणारे काही मराठी मित्र गेल्या तीन-चार वर्षांत शिकारीकडे वळलेत. त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देता देता लक्षात आलं की बहुतेक चुका मीही केलेल्या आहेत. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्यामुळे हे सगळं इथलं, व्हाइटटेल म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या अमेरिकन हरणाबद्दलचं आहे.

ऑगस्टचा फोटो बघून नोव्हेंबरचं मचाण बांधणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही, आणि तिचा कॅमेऱ्याच्या बिघाडाशी काही संबंध नाही.

उन्हाळ्यात नर टोळीने फिरतात. तीन, चार, कधी सहा नर एकत्र, शिंगांवर अजून मखमल, आणि संध्याकाळी उजेड असतानाच सोयाबीनच्या शेतात उतरलेले. कडेच्या झाडाला कॅमेरा लावला की रोज त्याच वेळी, त्याच कोपऱ्यात तेच नर. पहिल्या वर्षी असे फोटो बघून माझा आनंद मावत नव्हता. त्याच कोपऱ्यावर मी मचाण बांधलं आणि नोव्हेंबरचे ९ पैकी ६ दिवस तिथे बसून काढले. दिसल्या त्या दोन माद्या आणि एक पाडस.

झालं काय, तर ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत मखमल झडते, नरांच्या अंगात माजाची तयारी सुरू होते आणि कालपर्यंत खांद्याला खांदा लावून चरणारे एकमेकांना सोसेनासे होतात. टोळी फुटते. काही नर आपला उन्हाळी मुलूखच सोडून दुसरीकडे जातात. त्याच सुमारास सोयाबीनची पानं पिवळी पडतात आणि हरणं त्या शेताकडे पाठ फिरवतात. ओकची फळं गळायला लागली की सगळी जनावरं रानाच्या आत सरकतात. नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात माज भरात येतो, तेव्हा तर नर खाणंपिणं विसरून माद्यांच्या मागे कुठल्या कुठे भटकतो.

म्हणून उन्हाळ्याचे फोटो या भागात कोणते नर आहेत, एवढंच जाणून घेण्यासाठी वापरा. बसायची जागा त्यावरून ठरवू नका. सप्टेंबरअखेर निम्मे कॅमेरे शेताच्या कडेवरून काढून ओकच्या झाडांखाली, ओढा ओलांडायच्या जागी आणि दोन झाडोऱ्यांना जोडणाऱ्या अरुंद पट्ट्यांवर न्या. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात नर जागोजाग खुरांनी जमीन उकरून त्यावर मुततात आणि वरच्या लोंबत्या फांदीला तोंड घासतात. अशी उकरलेली जागा, वर ओलसर, चावलेली फांदी, हे दिसलं की कॅमेरा तिथेच. एका जागी अनेक नर हजेरी लावून जातात. मात्र बरीचशी हजेरी रात्रीची असते, तेव्हा त्याच जागेवर मचाण बांधण्याआधी फोटोवरची वेळ नीट बघा. नर उजेडात जिथून येतो ती वाट शोधायची आहे.

दर रविवारी मेमरी कार्ड बघायला जाणं

उत्सुकता आवरत नाही हे मला कळतं. पण कॅमेऱ्याजवळची प्रत्येक फेरी म्हणजे तुमचा वास त्या वाटेवर अंथरून येणं. पहिल्या फेरीनंतर माद्या थोड्या बिचकतात, तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर मोठा नर तिथून फक्त मध्यरात्री जातो. कार्डावर हे स्पष्ट दिसतं: पहिल्या आठवड्यात संध्याकाळी ६ चे फोटो, पुढे ९ चे, मग रात्री २ चे. आणि आपण म्हणतो, हा नर निशाचर झाला. आपणच त्याला तसं केलेलं असतं.

माझ्या शेजारचे म्हातारे शेतकरी, ज्यांच्या रानात मी शिकार करते, त्यांनी मला पहिल्यांदा यावरून सुनावलं. तुझ्या कॅमेऱ्यापेक्षा तुझ्या बुटांचे ठसे जास्त आहेत माझ्या रानात, म्हणाले. ते स्वतः वर्षातून तीनदा कार्ड काढतात, तेही ट्रॅक्टरवरून, कारण त्या आवाजाची आणि डिझेलच्या वासाची हरणांना सवय आहे.

तेव्हापासून मी तीन आठवड्यांच्या आत जात नाही. जायचं ते भर दुपारी, हरणं बसलेली असताना. वारा त्यांच्या बसायच्या जागेकडून आपल्याकडे येत असेल तरच. पाऊस येणार असेल तर पावसाच्या तोंडावर, म्हणजे मागचा वास धुऊन जातो. पायात रबरी गमबूट, हातात रबरी हातमोजे, आणि फांद्यांना अंग घासत जायचं नाही. सोबत दुसरं कार्ड न्यायचं आणि अदलाबदल करून लगेच निघायचं. तिथेच उभं राहून मोबाइलवर फोटो बघत बसणं हा मोह सगळ्यात वाईट.

मोबाइल नेटवर्कवर फोटो पाठवणाऱ्या कॅमेऱ्यांनी या फेऱ्या वाचतात हे खरं. त्यांच्याबद्दलचं माझं मत पुढे सांगते.

गवताचे हजार फोटो, हरणाचा एकही नाही

ट्रेल कॅमेऱ्यातला सेन्सर चित्र बघून हलत नाही. त्याला कळतो तो उष्णतेतला फरक आणि त्या फरकाची सरक. जनावराचं अंग आजूबाजूपेक्षा गरम असतं. ती गरम आकृती सेन्सरच्या एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत गेली की कॅमेरा जागा होतो. एवढं ध्यानात ठेवलं की निम्मे बिघाड आपोआप उलगडतात.

उन्हाने तापलेलं उंच गवत वाऱ्यावर डोललं की सेन्सरला तेही जनावरच वाटतं. त्यामुळे समोरचं पाच-सहा मीटरपर्यंतचं गवत आणि आडव्या फांद्या जुलैमध्ये साफ करा, आणि तेव्हा जे रोपटं गुडघ्याएवढं आहे ते सप्टेंबरात छातीएवढं होणार हे धरून चाला. बारक्या झाडाच्या बुंध्याला कॅमेरा बांधला तर वाऱ्यात ते झाडच हलतं. मांडीएवढा तरी बुंधा हवा.

उलट बाजूने, ऑगस्टच्या कडक दुपारी परिसरच हरणाच्या अंगाएवढा तापलेला असतो. तेव्हा सेन्सरचा पल्ला घटतो. दुपारचे फोटो नाहीत म्हणजे दुपारी हरणं येत नाहीत, असं म्हणता येत नाही.

वाटेच्या अगदी काटकोनात कॅमेरा ठेवला तर चालत्या हरणाचं फक्त ढुंगण मिळतं, कारण कॅमेरा जागा होईपर्यंत ते निघून जातं. वाटेच्या सरळ रेषेत ठेवला तर समोरून येणारं हरीण पट्ट्या ओलांडतच नाही आणि सेन्सरला फार उशिरा कळतं. साधारण ४५ अंशांचा कोन सोयीचा. उंची हरणाच्या छातीएवढी, म्हणजे जमिनीपासून ९० सेंटीमीटरच्या आसपास. वाट चार ते सहा मीटरवर. चोरीची भीती असेल तिथे कॅमेरा अडीच मीटर उंच बांधून खाली तिरका करतात. चालतं, पण तिरकेपणा वाढला की टिपण्याचा पट्टा अरुंद होतो, त्यामुळे बांधल्यावर स्वतः वाटेवरून चालून एक चाचणी घ्या.

कॅमेऱ्याचं तोंड शक्यतो उत्तरेकडे. पूर्व किंवा पश्चिमेकडे केलं तर सूर्य उगवताना-मावळताना थेट भिंगात येतो, आणि हरणं फिरतात ती नेमकी त्याच वेळी. नोव्हेंबरात इथे सूर्य दक्षिणेला इतका खाली असतो की दक्षिणमुखी कॅमेरा दिवसभर पांढरेफटक फोटो काढतो.

रात्रीचे फोटो पांढरे आले तर आधी भिंगासमोरची जवळची फांदी शोधा. फ्लॅशचा उजेड तिच्यावरून परततो. कोळ्याचं जाळंही तेच करतं. आणि फ्लॅश दोन जातींचे असतात: ८५० नॅनोमीटरचा लांब पोचतो पण मंद लाल लुकलुकतो, ९४० चा डोळ्याला दिसत नाही पण पल्ला कमी. उघड्या शेतात पहिला, अरुंद वाटेवर दुसरा, असं मी करते. शेजारच्या मिशिगनमध्ये जॉर्ज शिरास यांनी पाण्याकाठी दोरी बांधून, हरणाच्या धक्क्याने मॅग्नेशियमचा भडका उडवून रात्रीचे फोटो काढले होते. ‘नॅशनल जिओग्राफिक’ने जुलै १९०६ च्या अंकात त्यांचे ७४ फोटो छापले. शिकारी असलेला हा माणूस पुढे बंदूक ठेवून कॅमेऱ्याचाच झाला. त्या लखलखाटानंतर आजचा न दिसणारा फ्लॅश म्हणजे मोठी सोय आहे.

सेल, कार्ड आणि घड्याळ

थंडीत कॅमेरा मेला की बहुधा सेल अल्कलाइन असतात. शून्याखाली त्यांची ताकद झपाट्याने उतरते. चार्ज होणारे निकेलचे सेल १.२ व्होल्टचे असल्याने पुष्कळ कॅमेरे त्यांना भरलेले असतानाही संपत आलेले समजतात. लिथियमचे सेल महाग पडतात पण कडाक्यात टिकतात आणि अवेळी फेरीही वाचवतात. जुने-नवे एकत्र घालू नका.

कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, लॅपटॉपवर नाही. कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात ३२ जीबीची मर्यादा असेल तर मोठं कार्ड घालून बघू नका. मोबाइलचं छोटं कार्ड अडॅप्टरमध्ये घालून वापरल्यावर एका सबंध महिन्याचे फोटो मी गमावलेत.

घड्याळाकडे फार कमी लोक बघतात. सेल बदलल्यावर काही कॅमेऱ्यांची तारीख मूळपदावर जाते. सकाळ-संध्याकाळची अदलाबदल तर सर्रास. आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं तासभर मागे जातात, कॅमेरा मात्र तसाच राहतो. ऐन माजाच्या दिवसांत तुमच्या सगळ्या नोंदी एका तासाने चुकतात. शिकारीची कायदेशीर वेळ मिनिटांत मोजली जाते, तिथे हा तास फार मोठा आहे.

एकच नर तीनदा मोजणं

भारतात २०१८ च्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. तिथे वाघ पट्ट्यांवरून ओळखतात, आणि पट्टे जन्मभर बदलत नाहीत. हरणाचं तसं नाही. शिंगं दर हिवाळ्यात गळतात, दर उन्हाळ्यात नवी येतात. गेल्या वर्षीचा आठ टोकांचा नर यंदा दहा टोकांचा होऊन आला तर नवा वाटतो. आणि एकाच हंगामात डाव्या बाजूने टिपलेला नर उजव्या बाजूने वेगळा दिसतो. कानाची चीर, गळ्यावरचा पांढरा ठिपका, पाठीची ठेवण, चाल, यांवरून ओळख पटवा. शंका असेल तर एकच नर धरा. रानात तीन मोठे नर आहेत या समजुतीवर गोळी झाडली आणि होता तो एकच, असं झालं की पुढच्या वर्षी रान ओकं वाटतं.

कायदा न बघता चारा टाकणं

फोटो मिळावेत म्हणून मका ओतणं किंवा मिठाचं चाटण ठेवणं सोपं आहे, आणि इथेच लोक अडकतात. विस्कॉन्सिनमध्ये २००२ मध्ये हरणांचा क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदूचा जीवघेणा रोग आढळला. तो लाळेतून, मूत्रातून पसरतो आणि त्याचे प्रायॉन, म्हणजे रोग पसरवणारी बिघडलेली प्रथिनं, मातीत वर्षानुवर्षं टिकतात. म्हणून रोगग्रस्त काउंट्यांमध्ये (आपल्या जिल्ह्यांसारखे भाग) चारा टाकायला बंदी आहे, फोटोसाठी म्हणूनसुद्धा. दहा हरणं एकाच ढिगात तोंड घालतात तेव्हा आपण काय पसरवतोय याचा विचार व्हायला हवा. चारा नसलेल्या वाटेवरचा फोटो जास्त खराही असतो.

कॅमेऱ्यांचे नियमही राज्यागणिक वेगळे. ॲरिझोनाने जानेवारी २०२२ पासून शिकारीसाठी ट्रेल कॅमेरा वापरण्यावर पूर्ण बंदी घातली. युटामध्ये सार्वजनिक जमिनीवर ३१ जुलै ते ३१ डिसेंबर तो चालत नाही. कॅन्ससने २०२३ मध्ये वन्यजीव खात्याच्या सार्वजनिक जमिनींवर बंदी आणली. सहलीला म्हणून दुसऱ्या राज्यात जाताना आपल्या गावचा नियम सोबत नेऊ नका. त्या राज्याची चालू वर्षाची नियमपुस्तिका वाचा.

आता तो थेट फोटो पाठवणारा कॅमेरा. बून अँड क्रॉकेट क्लब ही १८८७ पासूनची शिकाऱ्यांची संस्था. थेट आलेल्या चित्राच्या जोरावर तिथल्या तिथे गाठून मारलेलं जनावर तिला मान्य नाही. मलाही ते पटतं. मी असा एक कॅमेरा वापरते, पण फोटो दिवसातून एकदाच, रात्री येतील असं ठरवून ठेवलंय, आणि हंगामाच्या ९ दिवसांत तो बंद असतो. हरणाला त्याच्या नाकाचा आणि कानाचा वापर करायची संधी राहायला हवी.

हंगाम संपला म्हणून लगेच सगळे कॅमेरे उतरवू नका. डिसेंबर-जानेवारीत दोन तरी चालू ठेवा. कोणते नर वाचले ते तेव्हाच कळतं, आणि शिंगं गळालेला नर दिसला की त्याच वाटेवर मार्चमध्ये ती शोधायला जाता येतं. उतरवताना सेल काढा, दाराच्या रबरात अडकलेल्या मुंग्या आणि माती पुसा, आत सिलिका जेलची पुडी टाका. पट्टाही सोडवून घ्या, नाहीतर वाढतं झाड त्याला गिळतं.